८० टक्के मोठे की ३५ टक्के? ‘झेड’ आणि ‘पीएमएफएमई’ यांतली गल्लत

“सरकार सेफ्टीसाठी पैशे देता म्हणतत, ता खरां काय?” वेंगुर्ल्यापासून लांज्यापर्यंत काजूचा लहान कारखाना चालवणाऱ्या माणसांकडून हा प्रश्न हमखास येतो. उत्तर ‘हो’ असंच आहे, पण ते तिथेच थांबवलं तर फसगत होते. कारण या प्रश्नाच्या पोटात दोन वेगळ्या योजना असतात आणि सांगणारा त्यांची खिचडी करून सांगतो. “सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के अनुदान आहे” हे वाक्य खरं आहे. “काजू प्रक्रियेच्या मशीनला अनुदान आहे” हेही खरं आहे. दोन्ही जोडून “मशीनला ८० टक्के अनुदान” असं कुणी सांगितलं, की ते मात्र सपशेल खोटं.

८० टक्के आहेत ते ‘झेड’ योजनेत. झेड म्हणजे ‘झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट’: मालात दोष नको आणि पर्यावरणाला उपद्रव नको. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची ही प्रमाणपत्राची योजना, सध्याच्या रूपात एप्रिल २०२२ पासून सुरू आहे. ३५ टक्के आहेत ते ‘पीएमएफएमई’त, म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत. ती अन्न प्रक्रिया मंत्रालयाची, जून २०२० मध्ये आलेली. महाराष्ट्रात तिचा कारभार कृषी विभागाकडे आहे. मंत्रालयं वेगळी, खिडक्या वेगळ्या, आणि ज्या रकमेवर टक्के मोजायचे ती रक्कमही वेगळी.

सगळी मेख या शेवटच्या गोष्टीत आहे. झेडचे ८० टक्के मिळतात ते प्रमाणपत्राच्या फीवर. ब्राँझ प्रमाणपत्राची फी १०,००० रुपये, सिल्व्हरची ४०,००० आणि गोल्डची ९०,०००. सूक्ष्म उद्योगाला यात ८० टक्के सूट, लघुला ६०, मध्यमला ५०. म्हणजे ब्राँझसाठी सरकार ८,००० सोसतं आणि तुमच्या खिशातून २,००० जातात. मालक बाई असेल तर २०२३ च्या अखेरीपासून ही फी पूर्ण माफ आहे. पीएमएफएमईचे ३५ टक्के मोजले जातात ते प्रकल्पाच्या पात्र खर्चावर, आणि कमाल मर्यादा १० लाख रुपये. कुकर, कटिंग मशीन, ड्रायर असा १२ लाखांचा प्रकल्प धरला तर अनुदान होतं ४ लाख २० हजार. आता सांगा, मोठे कुठले, ८० की ३५?

(मर्यादेमुळे साधारण साडेअठ्ठावीस लाखांच्या पुढच्या प्रकल्पाला टक्के तेच राहतात, फक्त कागदावर. हाती येतात ते १० लाखच.)

पण हे वाचून झेडला मोडीत काढू नका. दोन्ही योजनांत ‘सुरक्षा’ हा शब्द ठळकपणे येतो तो झेडमध्येच. ब्राँझ पातळीला पाच निकष आहेत: नेतृत्व, स्वच्छ कार्यस्थळ, कामाच्या जागेची सुरक्षा, वेळेवर माल पोचवणं आणि गुणवत्ता व्यवस्थापन. पाचातला एक निकष सरळ सुरक्षेचा आणि दुसरा, स्वच्छतेचा, त्याचा सख्खा भाऊ. काजूच्या शेडमध्ये जमिनीवर सांडलेलं तेल आणि वाटेत पडलेली टरफलं ही निम्म्या घसरपट्टीची कारणं असतात. सिल्व्हरला निकष १४ होतात, गोल्डला २०. ब्राँझला कागद आणि फोटोंवर बरंच भागतं, वरच्या पातळ्यांना माणूस प्रत्यक्ष येऊन बघतो. माझं मत विचाराल तर ब्राँझ घ्यावंच, पण दुरुस्तीचे पैसे मिळतील म्हणून नव्हे. त्या निमित्ताने मालकाला स्वतःच्या शेडमधून, हातात कागद घेऊन, एकदा फिरावं लागतं. एरवी रोज त्याच वाटेने जाणाऱ्याला उघडी वायर दिसत नाही.

दिसल्यानंतर ती झाकायला पैसे लागतात, आणि ते झेड देत नाही. इथे पीएमएफएमई उपयोगी पडते, आणि तिच्या माहितीपत्रकात सुरक्षेचा गाजावाजा नसल्यामुळे नेमकं हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

काजूच्या कारखान्यात माणसाला इजा कुठे होते ते जरा जवळून बघू. काजूबी आधी कुकरमध्ये वाफवतात. वाफ येते बॉयलरमधून, आणि लहान कारखान्यातला ‘बेबी बॉयलर’ नावाला बाळ असला तरी त्यातला दाब बाळबोध नसतो. त्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर गेज आणि पाण्याची पातळी दाखवणारी काच या तीन गोष्टी ठणठणीत हव्यात. व्हॉल्व्ह सारखा फुसफुसतो म्हणून तो तारेने आवळून ठेवणारा ऑपरेटर म्हणजे स्वतःच्या हाताने संकट पेटवणारा माणूस. वाफवलेली बी थंड झाली की कटिंग. पायाने दांडा दाबायचा, दोन पात्यांमध्ये बी धरायची, टरफल उकलायचं. बोटं आणि पातं यांच्यात अंतर असतं ते एका काजूगराएवढं. त्यात टरफलातलं तेल उडतं. त्या तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं, ते कातडी जाळतं. म्हणून कटिंगवरच्या बायका हाताला तेल किंवा राख चोळून बसतात, आणि तरी बोटांची टोकं काळी पडतातच. पुढे बोरम्यात, म्हणजे सुकवायच्या भट्टीत, गर तापवायचे. तिथे धूर आणि धग. सोलायच्या टेबलावर धोका कमी, पाठदुखी जास्त.

आता ही यादी मशीनच्या कोटेशनशेजारी ठेवा. हाताने-पायाने चालणाऱ्या कटरच्या जागी ऑटोमॅटिक कटिंग मशीन आलं, की बोट पात्याजवळ जाण्याचं कामच कमी होतं. लाकडाच्या बोरम्याऐवजी बंद ड्रायर आला, की धूर गेला. प्रमाणित बॉयलर, पट्ट्यांवर जाळीचं कव्हर, गरम हवा ओढणारा पंखा, नीट पॅनल बोर्ड हे सगळं यंत्रसामग्रीच्या खर्चात बसतं, आणि ३५ टक्के मोजताना तेही धरलं जाऊ शकतं. पण एका अटीवर: ते मूळ प्रकल्प अहवालात आणि कोटेशनमध्ये असलं पाहिजे. पुरवठादार आकडा खाली ठेवायला कव्हर आणि गार्ड ‘एक्स्ट्रा’ म्हणून वगळतो, मालक स्वस्त कोटेशन बघून खूश होतो, बँक तेवढ्याच रकमेवर कर्ज मंजूर करते. मग गार्डचा खर्च अनुदानाबाहेर, म्हणजे पूर्ण स्वतःच्या खिशातून, आणि बहुतेक वेळा तो होतच नाही. कोटेशन हातात आलं की ‘गार्ड, इमर्जन्सी स्टॉप, अर्थिंग’ हे तीन शब्द त्यात शोधा. नसतील तर परत पाठवा.

शेडच्या कामाबद्दल थोडं सावध. पीएमएफएमईत जमीन किंवा भाडं धरत नाहीत, आणि तांत्रिक बांधकाम पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंतच चालतं. कोकणात हा मुद्दा महत्त्वाचा आहे. जून ते सप्टेंबर पत्र्याच्या शेडमध्ये भिंती ओल्या, फरशी ओली, स्विचबोर्डामागे बुरशी. विजेचा झटका बसायचा असेल तर तो याच चार महिन्यांत. पाण्याचा निचरा, उंचावलेला चौथरा, वायरिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर ही कामं त्या ३० टक्क्यांत किंवा यंत्राच्या जोडणीत कशी बसतील हे अहवाल करतानाच ठरवावं. छत बदलायचं मनात असेल आणि तोच सगळ्यात मोठा खर्च असेल, तर ही योजना त्यासाठी नाही.

दुसरा फरक पैसे केव्हा मिळतात याचा. झेडमध्ये फीतली सूट आपसूक वजा होते. वर प्रतिज्ञा घेऊन नोंदणी केली की १०,००० रुपयांचं जॉइनिंग रिवॉर्ड प्रमाणपत्राच्या खर्चात वापरता येतं. पीएमएफएमई मात्र कर्जाला बांधलेली आहे. किमान १० टक्के स्वतःचे, बाकीचं बँकेचं कर्ज. अनुदान येतं ते तुमच्या नावाने बँकेत वेगळ्या खात्यात पडून राहतं. कर्जाचा शेवटचा हप्ता मिळाल्यापासून तीन वर्षं खातं सुरळीत असेल आणि कारखाना चालू असेल, तरच ते कर्जात वळतं होतं. म्हणून “आधी मशीन घेऊन टाकतो, मग अनुदान मागतो” हा बेत इथे चालत नाही. कर्ज नाही तर अनुदान नाही. रोख पैसे असलेल्या चाकरमान्याला, मुंबईहून परत येऊन काजू कारखाना काढणाऱ्याला, हे पचायला जड जातं. त्याला वाटतं, पैसे आहेत तर कर्ज कशाला? पण योजनेचा साचाच तसा आहे.

कोण कुठे बसतो, तेही पटकन सांगतो. झेडला उद्यम नोंदणी (लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) हवी आणि उत्पादन उद्योग हवा. काजू असो, लोट्याच्या एमआयडीसीतला रसायनाचा लहान कारखाना असो, की फॅब्रिकेशनचं शेड. पीएमएफएमई फक्त अन्न प्रक्रियेला: काजू, आंब्याचा पल्प, कोकम, सुकी मासळी. चिऱ्याच्या खाणीला ती नाही. मासेमारी बोटीवरच्या सुरक्षा साहित्याची गोष्ट तर तिसरीच, ती प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मत्स्यव्यवसाय खात्याकडे विचारायची. आणि ‘सूक्ष्म’ म्हणजे किती याचा आकडा १ एप्रिल २०२५ पासून वाढला आहे: यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत. कोकणातले बहुतेक काजूवाले यात आरामात मावतात.

दोन्हींत न बसणाऱ्या गोष्टीही आहेत आणि त्याच रोजच्या. हातमोजे, चष्मे, एप्रन, मास्क, प्रथमोपचार पेटी. हा भांडवली खर्च नव्हे, वर्षभर चालणारा खर्च. त्याला अनुदान शोधत बसू नये. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत, १० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत सुरक्षेच्या साधनांचे पैसे कामगाराकडून कापता येत नाहीत. हातमोज्यांचे पैसे हजेरीतून वळते करणाऱ्या मालकाला ही ओळ वाचून दाखवायला हरकत नाही. तसंच ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, वर्गणी म्हणजे अनुदान नव्हे. ती अपघात झाल्यावर औषधपाणी आणि भरपाई देते, पात्यावर जाळी बसवत नाही.

मधल्या माणसांबद्दल दोन शब्द सांगावेच लागतात. पीएमएफएमईत अर्ज, प्रकल्प अहवाल आणि बँकेचा पाठपुरावा यासाठी ‘जिल्हा संसाधन व्यक्ती’ नेमलेल्या असतात. त्यांचं मानधन सरकार देतं, तुम्ही एक पैसाही द्यायचा नसतो. तरीही बाजारात अनुदानाच्या रकमेवर टक्केवारी मागणारे भेटतात, आणि त्यांची बोलायची ढब अशी असते की जणू ते नसतील तर फाईल हलणारच नाही. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन संसाधन व्यक्तीचं नाव विचारलं की हा विषय संपतो. झेडचंही तसंच, नोंदणी पोर्टलवर स्वतः करता येते.

मग आधी काय करावं? मी सांगेन, आधी झेडच्या ब्राँझची तयारी, पण प्रमाणपत्र येईपर्यंत थांबू नका. त्यासाठी शेडमध्ये फिरून जी त्रुटींची यादी होईल, तीच पीएमएफएमईच्या प्रकल्प अहवालाला जोडा. बँकेच्या अधिकाऱ्यालाही ‘हे गार्ड का, हा ब्रेकर का’ याचं उत्तर तयार मिळतं. मात्र वेळ बघा. पीएमएफएमई मुळात २०२०-२१ ते २०२४-२५ या पाच वर्षांची, पुढे ती २०२५-२६ पर्यंत वाढवली गेली. अर्ज भरण्याआधी चालू स्थिती कृषी कार्यालयात विचारून घ्या, कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जुन्या पोस्टरवर विसंबू नका.

बचत गटांसाठी एक जास्तीची गोष्ट. काजू सोलणं, कोकम, लोणची असं काम करणाऱ्या गटातल्या प्रत्येक सदस्याला पीएमएफएमईत ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल आहे, खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठी. ते ‘उमेद’च्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, मार्गाने येतं. गट नवीन कटर घ्यायला निघाला असेल तर बोटांना आडोसा असलेला कटर थोडा महाग पडला तरी घ्या. अवजारांच्या यादीत तो बसतो. आणि यंत्रांचा मोठा बेत असेल तर त्याच गटाला ३५ टक्क्यांचा वेगळा अर्ज करता येतो, बीज भांडवल घेतलं म्हणून ती वाट बंद होत नाही.