डीव्हो ‘विकले गेले’ म्हणजे नेमकं काय झालं?

डीव्हो या अमेरिकी बँडवरचा माहितीपट २०२४ मध्ये महोत्सवात दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये घरबसल्या बघता यायला लागला. तेव्हापासून एक जुनी तक्रार पुन्हा डोकं वर काढते आहे. ग्राहकसंस्कृतीची आयुष्यभर टर उडवणाऱ्या या बँडने आपलीच गाणी लादी पुसायच्या मॉपला आणि लहान मुलांच्या बाजाराला दिली, मग आधीचं सगळं सोंगच होतं का? पिवळे सूट, पायऱ्यापायऱ्यांच्या लाल टोप्या, ‘व्हिप इट’ हे गाजलेलं गाणं, हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते पुन्हा सांगत बसत नाही. पण ‘विकले गेले’ या दोन शब्दांत पाच-सहा वेगवेगळे व्यवहार कोंबले जातात आणि ते सगळे एकाच लायकीचे नव्हते.

सुरुवातीचं थोडक्यात. बँड अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ॲक्रनचा, टायरच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावाचा. शेजारच्या केंटमधल्या विद्यापीठात ४ मे १९७० रोजी नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले, नऊ जखमी. पुढे बँडमध्ये बास वाजवणारा तेव्हा तिथे होता आणि ठार झालेल्यांपैकी दोघं त्याच्या ओळखीचे होते. माणूस पुढे जात नाही, मागे घसरतोय, ही मित्रमंडळींमधली थट्टा त्या दिवसानंतर थट्टा राहिली नाही. १९७३ मध्ये त्याच विद्यापीठात पहिला कार्यक्रम झाला. नंतर दोन घरांतले चार भाऊ आणि एक ड्रमर अशी पाच जणांची जोडणी जमली. १९७८ मध्ये जर्मनीत कोलोनजवळच्या स्टुडिओत, एका ब्रिटिश निर्मात्याच्या हाताखाली, पहिली रेकॉर्ड झाली. दोन रेकॉर्ड कंपन्यांशी बोलणी अडकली, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी उत्तर अमेरिका एकीकडे, उरलेलं जग दुसरीकडे, अशी हक्कांची वाटणी झाली.

त्या पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवर काय होतं, हे या वादात कुणी आठवत नाही. टोपी घातलेला हसरा गोल्फपटू. हे चित्र गोल्फच्या सामानाच्या पाकिटावरून उचललेलं होतं. खरा खेळाडू हरकत घेईल या धास्तीने त्याचा चेहरा बदलून अमेरिकी अध्यक्षांच्या चेहऱ्यांची भेसळ तिथे बसवली. म्हणजे दुकानातला माल उचलून तो थोडा वेडावाकडा करायचा, ही रीत पहिल्या दिवसापासूनची. १९८० मध्ये ‘व्हिप इट’ अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेलं, तेव्हाही हेच झालं. ‘जिद्द धर, सगळं जमेल’ छापाच्या उपदेशाची ती नक्कल होती. लोकांनी तिचे भलतेच अर्थ लावले. बँडने खुलासा केला नाही, उलट लोकांच्या मनातल्या चाबकावरच (‘व्हिप’ म्हणजे चाबूक) व्हिडिओ काढला. संगीताची नवी वाहिनी १९८१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्याकडे दाखवायला व्हिडिओ कमी आणि यांच्याकडे तयार, त्यामुळे काही काळ चंगळ होती. १९८४ मध्ये ही मंडळी चक्क जपानी स्कूटरच्या जाहिरातीत स्वतः झळकली. तेव्हा फारसं कुणी नाक मुरडल्याचं दिसत नाही.

त्याच वर्षीची रेकॉर्ड पडली, कंपनीने हात काढून घेतला आणि यंत्राच्या तालाला कंटाळलेला ड्रमर पुढे निघून गेला. १९९० नंतर वीस वर्षं नवी रेकॉर्ड नाही. या वीस वर्षांत गायकाने लॉस एंजेलिसमध्ये चित्रपट आणि जाहिरातींना संगीत देण्याचा धंदा उभा केला. आपल्याकडे केबलवर ‘रगरॅट्स’ बघत मोठ्या झालेल्यांनी त्याचं संगीत नकळत शेकडो वेळा ऐकलेलं आहे. गोड पेयाच्या जाहिरातीत ‘साखर वाईट असते’ असा संदेश दबक्या आवाजात घुसडल्याची गोष्ट तो आजही रंगवून सांगतो. बासवाला दुसऱ्यांचे व्हिडिओ आणि जाहिराती दिग्दर्शित करू लागला. ज्यांना २००० नंतरच्या जाहिरातींचा धक्का बसला, त्यांनी ही मधली वर्षं पाहिलेलीच नव्हती.

आता खरा तिढा. ‘ब्युटिफुल वर्ल्ड’ हे १९८१ चं गाणं. त्याचा व्हिडिओ बासवाल्यानेच जुन्या चित्रफिती जोडून केला. आधी हसऱ्या बायका, नव्या गाड्या, भविष्यातली घरं. मग हळूच पोलिसांच्या लाठ्या, पांढरे बुरखे घातलेले वर्णद्वेषी, उपासमारीने खंगलेली मुलं. हे सगळं बाळाचा रबरी मुखवटा घातलेला इसम बघत बसलेला असतो. जग किती सुंदर आहे हे आळवून झाल्यावर गाणं शेवटी सांगतं: तुझ्यासाठी, माझ्यासाठी नाही. एका मोठ्या अमेरिकी दुकानसाखळीने हे गाणं जाहिरातीत घेतलं आणि शेवट सोडून दिला. उरलं ते फक्त सुंदर जग. बँडची बाजू घेणारे म्हणतात, यापेक्षा चांगला विनोद कोणता? दुकानदाराने स्वतःच स्वतःची नक्कल केली. मला हे निम्मंच पटतं. ज्याला मूळ गाणं माहीत आहे, त्यालाच हा विनोद कळतो. टीव्हीसमोरच्या बाकीच्यांना सरळ जाहिरातच दिसते.

मॉपच्या जाहिरातीला तर एवढीही पळवाट नाही. ‘व्हिप इट’ त्यासाठी मुद्दाम नव्याने वाजवलं, शब्द उत्पादनाच्या नावाला जुळवले. नंतर बासवाल्याने स्वतःच ती जाहिरात वाईट ठरवली.

सगळ्यात जास्त शिव्या मात्र डीव्होचीच गाणी गाणाऱ्या २००६ च्या मुलांच्या बँडला पडल्या. कार्टूनसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीने शाळकरी मुलं निवडली, वाजवलं मूळ बँडने, व्हिडिओ पुन्हा बासवाल्याचे. गाण्यांतले अडचणीचे शब्द बदलले. ‘अनकंट्रोलेबल अर्ज’मधली अनावर ओढ चटरमटर खाण्याची झाली. ‘ब्युटिफुल वर्ल्ड’चा शेवट पार उलटला आणि सुंदर जग गाणाऱ्या मुलीच्याही वाट्याला आलं. जुने चाहते खवळले. माझं मत वेगळं आहे. माणूस मागे घसरतोय या सिद्धान्ताचा इतका स्वच्छ पुरावा बँडने दुसरीकडे कुठे दिला नाही, आणि इथे निदान काम आपल्या हाताने केलं, फक्त परवानगीच्या कागदावर सही करून मोकळे झाले नाहीत.

दोन वर्षांनी बाजू उलटली. बर्गरच्या एका बड्या कंपनीने मुलांच्या जेवणासोबत दिलेल्या खेळण्याच्या डोक्यावर लाल, पायऱ्यापायऱ्यांची टोपी होती. बँडला कुणी विचारलंही नव्हतं. टोपीचे हक्क बँडकडे नोंदलेले, त्यामुळे दाव्याची भाषा झाली आणि प्रकरण आपसात मिटलं. विडंबनवाल्यांनी हक्कासाठी भांडावं यावर बरीच खिल्ली उडाली. पण गाणं कुणाला द्यायचं आणि टोपी कुणाला द्यायची नाही, हे ठरवणारं डोकं एकच होतं. त्यात विसंगती कुठली?

२०१० च्या रेकॉर्डसाठी त्यांनी थेट जाहिरातसंस्था नेमली. कोणती गाणी घ्यायची, टोपीचा रंग कोणता, हे इंटरनेटवर लोकांकडून ठरवून घेतलं आणि टोपी निळी झाली. तरी यादीत स्वतःची थोडी ढवळाढवळ केलीच आणि ‘८८ टक्के जनमान्य’ असं जाहीर केलं. २०१३ मध्ये जुना ड्रमर गेला, २०१४ मध्ये बासवाल्याचा धाकटा भाऊ. रॉक संगीताच्या मानाच्या दालनासाठी तीनदा नाव सुचवलं गेलं, तिन्हीदा डावललं. २०२० मध्ये गायक करोनाने अतिदक्षता विभागात पोचला आणि त्याच वर्षी बँडच्या दुकानात लाल टोपीला जोडलेली चेहरा झाकायची प्लास्टिकची ढाल विकायला आली. तिच्यावर मात्र कुणी तक्रार केल्याचं वाचनात नाही.