निवासी मानसोपचार साहाय्यक

मानसिक आजार, व्यसनाधीनता किंवा वर्तनाच्या गंभीर अडचणी असलेल्या व्यक्ती जेथे राहून उपचार घेतात, अशा केंद्रात त्यांच्या सतत सहवासात राहून देखरेख ठेवणारा, आधार देणारा आणि घडेल त्याची नोंद करणारा कर्मचारी. अमेरिकेत या पदाला ‘बिहेवियरल हेल्थ टेक्निशियन’ म्हणतात. नावात तंत्रज्ञ असला तरी यंत्रांशी त्याचा संबंध फारसा येत नाही.

डॉक्टर व समुपदेशक ठरलेल्या वेळी भेटतात; उरलेला दिवस आणि सगळी रात्र साहाय्यकाच्या वाट्याला येते. निवाशांना उठवणे, जेवण व गटसत्रांना सोबत नेणे, नव्याने आलेल्याचे सामान तपासून धारदार वस्तू, दोऱ्या व मादक पदार्थ बाजूला काढणे, आणि आत्महत्येचा धोका असल्यास दर १५ मिनिटांनी किंवा अखंड नजर ठेवणे ही त्याची नित्याची कामे होत. रात्रपाळीत झोपलेल्याचा श्वास चालू आहे, हे दारातून नुसते डोकावून नव्हे तर छातीची हालचाल पाहून ठरवावे लागते.

नोंद लिहिणे हे या कामाचे सर्वांत दुर्लक्षित पण निर्णायक अंग आहे. ‘रुग्ण आक्रमक होता’ या वाक्यातून डॉक्टरला काहीच कळत नाही. ‘फोनवर बोलणे झाल्यावर त्याने खुर्ची लोटली, दहा मिनिटे येरझारा घातल्या आणि जेवण नाकारले’ असे लिहिले, तर कारण शोधायला धागा मिळतो. पाळी बदलताना हीच माहिती तोंडीही सांगितली जाते.

निवासी भडकल्यास आवाज खाली ठेवणे, अंतर राखणे, इतरांना दूर नेणे आणि त्याला निवडीला वाव देणे यांवर प्रशिक्षणाचा भर असतो. शरीराने रोखून धरणे हा अखेरचा उपाय मानला जातो, कारण विशेषतः पालथे दाबून धरल्यास गुदमरून मृत्यू ओढवू शकतो. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार रुग्णालयात हिंसक वर्तनासाठी दिलेला रोखून धरण्याचा आदेश एका वेळी प्रौढांबाबत ४ तास, ९ ते १७ वर्षे वयोगटात २ तास आणि त्याहून लहान मुलांबाबत १ तासापुरताच असतो.

या भूमिकेची मुळे जुनी आहेत. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात १७९७ मध्ये मनोरुग्णांच्या बेड्या काढल्या त्या झां-बातिस्त प्यूसँ या अधीक्षकाने, जरी श्रेय दीर्घकाळ फिलिप पिनेल या वैद्याकडे गेले. प्यूसँ स्वतः तेथे गंडमाळेचा (मानेतील गाठींच्या आजाराचा) रुग्ण म्हणून आला होता आणि बऱ्या झालेल्या रुग्णांतूनच तो सेवक निवडीत असे. आजही व्यसनमुक्ती केंद्रांत स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण हे काम करतात. त्यांचा अनुभव उपयोगी पडतो, मात्र निवाशाशी मैत्री आणि व्यावसायिक नाते यांतली सीमा राखणे त्यांना अधिक अवघड जाऊ शकते.

शालान्त शिक्षण व अल्पकालीन प्रशिक्षण एवढ्यावर हे पद बहुधा मिळते. पगार बेताचा असल्याने कर्मचारी वारंवार बदलतात, आणि त्याची झळ नव्या चेहऱ्यावर विश्वास टाकायला वेळ लागणाऱ्या निवाशांनाच बसते.