वर चढलेली काच हाताने खाली का येत नाही

सप्टेंबरात कासची फुलं बघायला जी गर्दी होते त्यात यवतेश्वरच्या घाटात जरा बाजूला उभं राहून येणाऱ्या गाड्या बघा. मागची काच पूर्ण खाली, पोरगं सीटवर गुडघे टेकून उभं, डोकं आणि दोन्ही हात बाहेर, आणि पुढे आईबाप गप्पांत. पसरणीच्या घाटात तर उलटी होऊ नये म्हणून मुलाला मुद्दाम काचेपाशी बसवतात, वारा लागला की बरं वाटतं म्हणून. त्यात चूक काही नाही, मळमळ खरीच असते. पण काच वर चढली तर मूल त्यात अडकेल असं कुणाला सांगायला गेलं तर दोन उत्तरं हमखास मिळतात. एक, "नवीन गाडी आहे हो, सेन्सर असतो, हात आला की काच आपोआप खाली जाते." दुसरं, "काच ती, हाताने दाबून धरली तरी थांबते." पहिलं अर्धवट खरं आहे आणि दुसरं साफ चूक.

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे आणि त्या एका भागाबद्दल मला फार कौतुक आहे.

दाराच्या आत, आपण ज्याला पॅड म्हणतो त्या प्लास्टिकच्या मागे, हातात मावेल अशी बारा व्होल्टची डीसी मोटर असते. ती खूप वेगात फिरते पण तिच्यात जोर फारसा नसतो. काच तर जड, रबराच्या खाचेतून घासत वर न्यायची. मग मोटरचा वेग कमी करून जोर वाढवायला तिच्या दांड्यावर एक स्क्रूसारखे आटे पाडलेले असतात, त्याला वर्म म्हणतात, आणि त्या आट्यांत एक प्लास्टिकचं दातेरी चाक अडकवलेलं असतं. वर्मचा एक पूर्ण फेरा झाला की चाक फक्त एक दात पुढे सरकतं. म्हणजे चाकाला साठ-सत्तर दात असले तर मोटरचे साठ-सत्तर फेरे होतात तेव्हा चाकाचा एक. त्या चाकाला जोडलेली वायर किंवा कैचीसारखे हात काच वरखाली करतात, गॅरेजवाले त्या सगळ्याला मिळून रेग्युलेटर म्हणतात.

आता खरी गंमत. मोटर फिरली की चाक फिरतं, पण चाक फिरवायचा प्रयत्न केला तर मोटर फिरत नाही. जोर एकाच दिशेने जातो. मिरजेला सतारमेकर गल्लीत तंबोरा जुळवताना बघितलंय का, खुंटी बोटांनी पिळली की तार ताणली जाते, पण ती ताणलेली तार कितीही ओढत असली तरी खुंटी उलटी फिरवू शकत नाही, कारण खुंटी भोकात घर्षणाने बसलेली असते. वर्मचं काम त्याच तत्त्वावर चालतं, फक्त इथे घर्षण आट्यांवर आहे.

अकरावीला घर्षणकोन शिकवतात तो आठवा. फळीवर ठोकळा ठेवून फळी हळूहळू तिरकी करत न्यायची, एका ठराविक कोनाला ठोकळा घसरायला लागतो, तो घर्षणकोन. त्याच्याआधी ठोकळ्यावर कितीही वजन ठेवा तो घसरत नाही, कारण वजन वाढलं की घसरवणारा जोरही वाढतो आणि अडवणारं घर्षणही तेवढ्याच पटीत वाढतं. वर्मचा आटा मनातल्या मनात सरळ उलगडला तर तो एक चढाचा रस्ता होतो आणि चाकाचा दात त्या चढावर बसलेला ठोकळा. ग्रीस लावलेल्या स्टील आणि प्लास्टिकमध्ये घर्षण गुणांक ०.१ च्या आसपास धरला तर घर्षणकोन साधारण ५.७ अंश येतो. आट्याचा चढ त्याच्यापेक्षा कमी, समजा ५ अंश ठेवला, की काम झालं. दातावर दहा किलोचा जोर असो की शंभरचा, तो आट्यावरून घसरत नाही, वर्म उलटा फिरत नाही, काच खाली येत नाही.

याची किंमतही मोजावी लागते आणि ती किंमत फार सुंदर हिशोबात निघते. चढाचा कोन लॅम्डा आणि घर्षणकोन फाय, तर वर्मची कार्यक्षमता म्हणजे टॅन लॅम्डा भागिले टॅन (लॅम्डा अधिक फाय). आपले आकडे घातले तर ४६ टक्के येतात. लॅम्डा हा फायपेक्षा कमी किंवा फार तर त्याच्याएवढा ठेवायचा असेल तर हे उत्तर ५० टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, टॅन टू लॅम्डाचं सूत्र वापरून वहीत करून बघा. म्हणजे मोटरची निम्म्याहून जास्त ताकद घर्षणात जाळायची हे डिझाइन करणाऱ्याने आधीच मान्य केलेलं असतं. का, तर खड्ड्यात आपटून काच आपोआप खाली सरकू नये आणि बाहेरून कुणी हाताने दाबून ती उघडू नये म्हणून.

हे सगळं एवढं लांबण लावून सांगितलं कारण त्यातून एक गोष्ट निघते जी बहुतेक गाडीवाल्यांना माहीत नसते. मोटरचा करंट बंद झाला तरी काच सोडत नाही. फॅनचं बटण बंद केलं की फॅन मोकळा होतो तसं इथे होत नाही. काचेत काही अडकलं असेल तर वीज गेली तरी ते तसंच आवळलेलं राहतं, आणि बाहेरून मोठा माणूस दोन्ही हातांनी काच दाबायला लागला तरी ती खाली जात नाही. चोरापासून गाडी वाचवणारा गुण आणि मुलाचा जीव घेणारा गुण एकच आहे.

जोर किती ते बघू. सेन्सर नसलेली काच गाडीगाडीप्रमाणे साधारण पंधरा ते पस्तीस किलो वजनाएवढ्या जोराने दाबू शकते. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत मोठ्या माणसाच्या मानेचे आकडे दिलेले असतात: मेंदूकडून रक्त परत आणणाऱ्या शिरा दोनेक किलोच्या दाबाने बंद होतात, मेंदूला रक्त नेणाऱ्या रोहिण्या पाचेक किलोने, आणि श्वासनलिका पंधराएक किलोने. लहान मुलाची मान त्याहून नाजूक. दोन्ही बाजूंच्या रोहिण्या दबल्या तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते. आणि श्वासनलिका दबल्यावर मूल ओरडू शकत नाही, हे सगळ्यात वाईट. मागे मूल अडकलंय हे पुढे गाणी लावून बसलेल्यांना कळतच नाही. काच पूर्ण वर जायला चार-पाच सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला दहाएक सेंटिमीटर. मान आणि चौकट यात वितभर जागा असेल तर दोन-अडीच सेकंदांचाच खेळ आहे, तेवढ्यात मागे वळून बघून, बटण शोधून दाबणं कुणालाच जमत नाही.

आता सेन्सरकडे. अँटी-पिंच म्हणतात ते खरंच चांगलं काम आहे. मोटरच्या दांड्यावर एक छोटं गोल चुंबक बसवतात आणि त्याच्या शेजारी हॉल सेन्सर. एडविन हॉल यांनी १८७९ साली दाखवलं होतं की करंट वाहणाऱ्या पत्र्याजवळ चुंबक आणलं की पत्र्याच्या दोन कडांमध्ये आडवा व्होल्टेज तयार होतो, तोच परिणाम इथे वापरलाय. दांडा फिरला की चुंबकाचे ध्रुव एकामागून एक सेन्सरसमोरून जातात आणि तेवढे ठोके मिळतात. ठोके मोजले की काच किती वर आली ते कळतं, दोन ठोक्यांमधलं अंतर वाढलं की कळतं काच कशाला तरी अडली. मग कंट्रोलर मोटर उलटी फिरवतो. म्हणजे तो सेन्सर तुमच्या मुलाचा हात बघत नाही. तिथे कॅमेरा नाही, स्पर्श नाही, फक्त आपला वेग कमी झाला एवढंच त्या मोटरला कळतं.

त्यामुळे हात आधी दाबला जातो, मग काच खाली येते. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या नियमांत आपोआप बंद होणाऱ्या काचेसाठी ही मर्यादा १०० न्यूटन ठेवलीय, म्हणजे दहा किलोच्या आसपास, आणि ती ४ ते २०० मिलिमीटरच्या फटीसाठी. शेवटचे ४ मिलिमीटर सोडावेच लागतात, नाहीतर वरच्या रबराला टेकली की काच दरवेळी परत खाली येईल. वर दिलेल्या आकड्यांशी हे दहा किलो ताडून बघा. मूल वाचतं ते दाब कमी असतो म्हणून नाही, तो क्षणभरच राहतो म्हणून.

पुढची अडचण जास्त मोठी आहे. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत हे अँटी-पिंच फक्त ड्रायव्हरच्या काचेला असतं, जिथे एकदा बटण ओढून सोडलं की काच आपली आपण वर जाते. मूल बसतं मागे. मागच्या काचेला बटण धरून ठेवेपर्यंत काच चढते, सेन्सर नाही. पोवई नाक्याजवळच्या एका ओळखीच्या मेकॅनिककडे आम्ही हे करून बघितलं, कृष्णाकाठचं एक भरताचं जाडं वांगं घेऊन. ड्रायव्हरच्या काचेत धरलं तर काच टेकली, वांग्यावर बोटभर रुंदीचा ओला वळ उठला आणि काच परत खाली गेली. मागच्या दाराला तेच वांगं धरलं तर काच साल फाडून आत घुसली, गर कडेने बाहेर आला, मोटरचा आवाज घुमल्यासारखा जाड झाला आणि काच तिथेच रुतून बसली. बटण सोडलं तरी वांगं निघेना. मेकॅनिक दोन्ही हातांनी काच खाली रेटत होता, मनगटाच्या शिरा ताणल्या त्याच्या, काच जागची हलली नाही. शेवटी बटण खालच्या बाजूला दाबल्यावरच निघालं.

पुष्कळदा बटण दाबणारं दुसरं कुणी नसतं, मूल स्वतःच असतं. आर्मरेस्टवर आडवं बसवलेलं, दोन्ही टोकांना दाबता येणारं बटण असलं की बाहेर वाकलेल्या मुलाचा गुडघा बरोबर त्यावर येतो, काच चढायला लागते, मूल घाबरून अजून जोर देतं. याच्यावरचा उपाय अगदी साधा आहे, वर करायला बटण बोटाने उचलावं लागेल असं बनवायचं, गुडघ्याने कुणी बटण उचलू शकत नाही. अमेरिकेने २००४ साली नियम बदलला तेव्हा परीक्षाच अशी ठेवली की ४० मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा गोळा १३५ न्यूटनपर्यंत जोर लावून बटणावर दाबायचा आणि काच वर जाता कामा नये. तो गोळा म्हणजे लहान मुलाचा गुडघा. तुमच्या गाडीतलं बटण कसलं आहे ते आज जाऊन बघा, विशेषतः गाडी जुनी असेल किंवा बटणं दोन सीटच्या मधे असतील तर.

इथे एक बोलल्याशिवाय राहवत नाही. नवीन गाडी आली की पालीला किंवा सांगलीच्या गणपतीला पूजा होते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण पुढे लिंबू-मिरची आणि मागे काळी बाहुली लटकवून दृष्ट काढली की मुलाचं रक्षण झालं असं मनापासून मानणारी माणसं मी बघतो, आणि त्याच माणसांना ड्रायव्हरच्या दारावरचं विंडो लॉकचं बटण काय करतं ते माहीत नसतं. ज्या साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर हेच सांगितलं तिथे तरी हे होऊ नये. तसंच फाइव्ह स्टारचं. ते स्टार महत्त्वाचेच आहेत, पण धडक झाली तर काय होईल याचे आहेत, काचेत मान अडकली तर काय होईल याचे नाहीत. आणि सनरूफमधून मुलांना उभं करून रील काढणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की तिथेही मोटरच आहे, आणि ब्रेक लागला तर पोट कडेवर आपटतं ते वेगळंच.

तर विंडो लॉक. काचेच्या चित्रावर काट मारलेलं बटण, ड्रायव्हरच्या हाताशी. ते दाबलं की मागची बटणं मेली. मूल गाडीत बसायच्या आधी दाबायचं. आणि काच वर घेताना पुढूनच घ्यायची, पण मान वळवून, मुलाचे हात आणि डोकं आत आहे हे डोळ्यांनी बघून. वारा हवा असेल तर काच चार बोटं उघडी ठेवा, तेवढ्यातून डोकं जात नाही.

आणि झालंच तर काय करायचं. आपण घाबरलो की पहिल्यांदा किल्ली फिरवून गाडी बंद करतो. ते करू नका. वर सांगितलेला वर्म आठवा, वीज गेली की काच सुटणार नाही, उलट खाली घ्यायचा एकमेव रस्ता बंद होईल. कित्येक गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही काचा थोडा वेळ चालतात, पण दार उघडलं की तेही संपतं, म्हणजे बाप किल्ली काढून उडी मारून मुलाकडे धावला तर किल्ली परत लावेपर्यंत काच जाम. गाडी चालू ठेवा, एकाने ड्रायव्हरच्या बटणाने काच खाली घ्या, दुसऱ्याने मुलाचं अंग खालून उचलून धरा म्हणजे मानेवर भार येणार नाही, आणि ज्या दाराच्या काचेत मूल अडकलंय ते दार उघडू नका, मूल दारासोबत लटकत बाहेर जाईल. सुटल्यावर मूल ठीक दिसलं तरी दवाखान्यात न्या, मानेला आतून सूज नंतर येऊ शकते.

अजून एक, गॅरेजवाले सहसा सांगत नाहीत ते. बॅटरी काढली किंवा बदलली की काच कुठे आहे याचा ठोक्यांचा हिशोब कित्येक गाड्यांत पुसला जातो, आणि तो परत शिकवेपर्यंत अँटी-पिंच बंद असतं. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरून ठेवायचं अशी पद्धत बहुतेक गाड्यांत असते, नेमकी कृती गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. बॅटरी बदलून झाली की पैसे द्यायच्या आधी ड्रायव्हरची काच एका ओढीत आपोआप वर जाते का ते तिथेच करून बघा, नाही गेली तर सेन्सर अजून झोपलेला आहे, त्याला शिकवून घेऊनच गाडी बाहेर काढा.