सीएमआर की एसएमआर? फुटेजसाठी दुसरी हार्ड डिस्क घेताना

मागच्या लग्नसराईत दोन कॅमेऱ्यांचं मिळून ४०० जीबी फुटेज ४ टीबीच्या डिस्कवर टाकायला घेतलं. डिस्क जेमतेम सहा महिन्यांची. जुनं पुसून तिच्यावर जागा केली होती. सुरुवातीला वेग सेकंदाला १७० एमबी. चहा घेऊन आलो तर आलेख तळाला टेकलेला: २० एमबी, मध्येच शून्य. केबल बदलली, पोर्ट बदललं, शेवटी दुकानात फोन केला. "दादा, डिस्क ओके आहे." आणि ती खरंच ओके होती. फक्त एसएमआर होती, आणि हे मला घेताना कुणी सांगितलं नव्हतं.

दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात, फरक आत लिहिण्याच्या पद्धतीत आहे. सीएमआरमध्ये (कन्व्हेन्शनल मॅग्नेटिक रेकॉर्डिंग) तबकडीवरचे ट्रॅक, म्हणजे माहिती लिहायच्या गोल रेघा, शेजारी शेजारी, सुटे असतात. कुठलाही ट्रॅक पुसा, पुन्हा लिहा, शेजाऱ्याला धक्का लागत नाही. एसएमआरमध्ये (शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग) ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. वाचणाऱ्या हेडला अरुंद पट्टी पुरते, लिहिणाऱ्याला रुंद लागते. त्यामुळे लिहिताना शेजारचा ट्रॅक थोडा झाकला तरी वाचता येतो. तेवढ्याच तबकडीवर जास्त माल मावतो.

पण कौलारू घरात राहिलेल्याला पुढचं सांगायला नको. मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली कौलं उचलावी लागतात. इथेही तसंच: एक ट्रॅक बदलायचा तर त्या पट्ट्यातले पुढचे सगळे वाचून पुन्हा लिहायचे. हे लपवायला डिस्क आलेला माल आधी एका राखीव कॅश भागात ठेवते आणि सवडीने आत लावते. मोठी कॉपी तिला सवडच देत नाही. कॅश भरली की वेग कोसळतो.

वाचताना मात्र ही अडचण नाही. १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट, मेगाबाइट नव्हे) ४के फुटेज तासाला ४५ जीबी होतं, म्हणजे बघायला सेकंदाला साडेबारा एमबी पुरे. तेवढं दोन्ही डिस्क आरामात देतात. म्हणून सिनेमे, जुने प्रोजेक्ट, एकदा टाकून ठेवायचा माल असेल तर स्वस्तातली एसएमआर खुशाल घ्या. एडिटिंग, रोजचा बॅकअप, सतत पुसापुशी असेल तर सीएमआरच. आणि नॅसमध्ये (नेटवर्कला जोडलेली, अनेक डिस्कची पेटी) आरएआयडी, म्हणजे एक डिस्क गेली तरी माल वाचवणारी जोडणी, लावणार असाल तर एसएमआरला हातही लावू नका. एक डिस्क बदलून रीबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर माल पुन्हा भरणं, सुरू केलं की तासांचं काम दिवसांवर जातं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या, नॅससाठीच विकल्या जाणाऱ्या 'रेड' मालिकेत २ ते ६ टीबीच्या डिस्क एसएमआर निघाल्या. ओरड झाल्यावर कंपनीने कुठल्या डिस्क एसएमआर आहेत याची यादी जाहीर केली आणि सीएमआरसाठी 'रेड प्लस' हे वेगळं नाव आणलं. ग्राहकाला हे आधी कळायला हवं होतं, यात मला तरी शंका नाही.

खोक्यावर हे बहुधा छापलेलं नसतं, म्हणून मॉडेल नंबर पाहायचा. वेस्टर्न डिजिटलच्याच २ टीबीच्या डब्ल्यूडी ब्लूमध्ये डब्ल्यूडी२०ईझेडआरझेड सीएमआर आहे, डब्ल्यूडी२०ईझेडएझेड एसएमआर. एका अक्षराचा फरक! गंमत म्हणजे एसएमआरवालीवर कॅश (ही चिपमधली, तबकडीवरचा राखीव भाग नव्हे) २५६ एमबी लिहिलेली, सीएमआरवर ६४. साहजिकच माणूस पहिलीच उचलतो. सीगेट या दुसऱ्या कंपनीत आयर्नवूल्फ सीएमआर, तर बॅराकुडाच्या बऱ्याच डिस्क एसएमआर. खिशात मावणाऱ्या १ टीबीच्या पुढच्या पोर्टेबल डिस्क बहुतेक एसएमआरच धरून चाला.

माझी ती ४ टीबीची डिस्क अजून कामात आहे. काम देऊन झालेल्या लग्नांची दुसरी प्रत तिच्यावर जाते. एकदा टाकली की पुसत नाही. कॉपी संपली तरी लगेच काढत नाही, अर्धा तास चालू ठेवतो. आतून बारीक कुरकुर येत राहते, कौलं लागत असतात.