आडवं जलावतरण (साइड लाँचिंग)

नवीन बांधलेलं जहाज मागच्या टोकाकडून न सोडता, त्याची अख्खी कूस पाण्याकडे ठेवून कडेनं घसरवत पाण्यात सोडायचं, याला आडवं जलावतरण म्हणतात. याचे व्हिडिओ मोबाईलवर सारखे फिरत असतात. समुद्रापासून लांब कोल्हापुरात बसून पहिल्यांदा बघताना वाटतं की संपलं, जहाज कलंडलं, आणि तेवढ्यात ते हेलकावा खाऊन परत सरळ उभं राहतंय.

कारण साधं आहे, जागा. नेहमीच्या पद्धतीत जहाज उतारावरून लांबीत सुटतं, वेग घेतं आणि थांबेपर्यंत बरंच पुढे जातं, त्यामुळं समोर मोकळं पाणी लागतं. कारखाना अरुंद नदीच्या नाहीतर कालव्याच्या काठावर असेल तर शंभर मीटरचं जहाज थेट समोरच्या काठावर आदळेल. आडवं सोडलं की पूर्ण लांबीची भिंतच पाण्याला भिडते, पाणी तेवढाच अडथळा करतं आणि जहाज थोड्या अंतरात थांबतं. दुसरा फायदा लोक विसरतात. लांबीत सोडताना मागचं टोक तरंगायला लागतं तेव्हा पुढचं अजून उतारावरच टेकलेलं असतं, त्या काही क्षणांत सांगाड्यावर लई ताण येतो, आडव्यात तो प्रश्न येत नाही. शिवाय जहाज लांबीत एकदम लेव्हलला बांधता येतं, म्हणजे फॅब्रिकेशन करणाऱ्याला पुढं-मागं उताराचा हिशोब धरून ओळंबा लावावा लागत नाही.

काम कसं चालतं हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात जड मशीन हलवताना ज्यानं बघितलंय त्याला पटकन कळेल. खाली पाइप टाकून पहारीनं मशीन सरकवताना एक बाजू पुढं गेली की सगळं तिरकं होतं, आणि मग ते सरळ करण्यातच दुपार जाते. जहाजाचंही तेच. त्याच्याखाली पाण्याच्या दिशेनं उतरते लाकडी मार्ग एकमेकांना समांतर टाकलेले असतात, त्यांना चरबी किंवा ग्रीस फासतात, वर सरकणाऱ्या तुळया आणि त्यावर जहाज. टेकू, पाचरी एकेक करून काढत वजन या तुळयांवर आणायचं आणि शेवटी धरून ठेवणारे दोर किंवा ट्रिगर सगळे एका क्षणी सोडायचे. ढकलायचं काम बहुतेक वेळा वजनच करतं, खरी कसोटी एकत्र सोडण्यात आहे. बऱ्याच ठिकाणी मार्ग पाण्याच्या थोडं वरच संपतात, म्हणून जहाज धप्पकन पडतं, एका बाजूला झुकतं, मग दुसऱ्या. किती झुकेल याचं गणित आधीच झालेलं असतं, आतलं सामान बांधून ठेवतात आणि पाणी आत शिरेल अशी सगळी झाकणं बंद करतात.

या विषयात सगळ्यात जास्त शिकवणारं जहाज म्हणजे ब्रुनेल या इंग्रज इंजिनिअरचं 'ग्रेट ईस्टर्न'. लांबी 211 मीटर, लंडनला थेम्सच्या काठावर मिलवॉलमध्ये नदीला समांतर बांधलं, कारण तेवढं लांब जहाज तिथं सरळ सोडणं शक्यच नव्हतं. ब्रुनेलला ते साखळ्यांनी धरत हळूहळू उतरवायचं होतं आणि त्यासाठी शांतता पाहिजे होती, पण कंपनीनं तिकिटं विकली आणि 3 नोव्हेंबर 1857 ला हजारो लोक जमले. जहाज जरासं सरकलं, साखळीच्या ड्रमचा दांडा उलटा फिरला, कामगार उडाले, काम थांबलं. त्यात लाकडाऐवजी लोखंडावर लोखंड घासत होतं, त्यामुळं ते बसलं की हलायचं नाव घेईना. शेवटी हायड्रॉलिक जॅक लावून थोडं थोडं रेटत नेलं आणि 31 जानेवारी 1858 ला भरतीच्या पाण्यानं ते उचललं गेलं, म्हणजे जवळजवळ तीन महिने. यातले बरेच जॅक बर्मिंगहॅमच्या टँगी बंधूंच्या छोट्या वर्कशॉपचे होते आणि या एका कामानं त्यांचं नाव झालं. आपल्या शहरातल्या लेथवाल्यांनी ही गोष्ट आवर्जून वाचावी असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत ग्रेट लेक्स या प्रचंड मोठ्या तलावांच्या भागात ही पद्धत जास्त रुजली. 'एडमंड फिट्झगेराल्ड' हे 222 मीटरचं मालवाहू जहाज 7 जून 1958 ला मिशिगनमध्ये असंच सोडलं, 15,000 च्या वर लोक बघायला होते. नारळासारखी शुभ म्हणून जहाजावर फोडायची बाटली तिसऱ्या प्रयत्नात फुटली, खालचे ठोकळे काढायला अर्धा तास गेला, मग जहाज सुटलं ते धक्क्यावर आपटलं, लाटेनं लोक भिजले आणि एका प्रेक्षकाचा हृदयविकाराच्या झटक्यानं जीव गेला. हेच जहाज 1975 मध्ये लेक सुपीरियरच्या वादळात 29 माणसांसह बुडालं, पण त्याचा जलावतरणाशी संबंध जोडू नये, मधली 17 वर्षं ते व्यवस्थित चाललं होतं.

विस्कॉन्सिनमध्ये मॅरिनेटला मेनोमिनी नदीत अमेरिकन नौदलाच्या 'फ्रीडम' वर्गाच्या युद्धनौका आडव्याच उतरवल्या, पहिली 2006 मध्ये, शेवटची 'क्लीव्हलँड' एप्रिल 2023 मध्ये, ती उतरताना टगबोटीला (मोठी जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटीला) घासली होती. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनकडच्या कालव्यांवर मालवाहू जहाजं अजून अशीच सोडतात आणि समोरच्या काठावर उभे राहिलेले लोक लाट आली की मागं पळतात.

आपल्याकडं कोकणात भरती-ओहोटी मदतीला असल्यानं वेगळा मार्ग निघाला. गगनबावड्यावरून घाट उतरून विजयदुर्गाकडं गेलं की गिर्ये इथं वाघोटन खाडीला लागून मराठा आरमाराची कातळात खोदलेली गोदी आहे, तिथं जहाज पाण्याकडं न्यायच्या ऐवजी भरतीचं पाणीच जहाजाकडं यायचं.