डिप्लोमा रिसायटलचा सोनाटा: निवडीमागचा इतिहास

पियानोच्या डिप्लोमा परीक्षेला कुठला सोनाटा (अनेक भागांची मोठी रचना) घ्यायचा, हा प्रश्न बहुतेक वेळा नावावर सुटतो. बेथोव्हेनचा ‘पॅथेटिक’ सगळ्यांच्या कानात बसलेला असतो, त्याचाच ‘वाल्डस्टाइन’ वाजवण्याचं स्वप्न असतं, म्हणून तोच घेतला जातो. सहा महिने घासल्यावर लक्षात येतं की कार्यक्रम वेळेत बसत नाही, डावा हात उजव्याला झाकून टाकतो आणि पायाने दाबायच्या पेडलच्या छापील खुणा पाळल्या की सगळं गढूळ होतं. यात मेहनत कमी पडलेली नसते. हे सोनाटे वेगळ्या वाद्यासाठी आणि वेगळ्या खोलीसाठी लिहिलेले आहेत, एवढंच निवडताना कुणी पाहिलेलं नसतं.

हायडन आणि मोझार्टच्या काळात एकट्या पियानोचा सोनाटा ही मुख्यतः घरात वाजवायची चीज होती. तो छापला जाई तो शिष्यांसाठी, आश्रयदात्यांसाठी आणि हौशी वादकांसाठी. मोझार्टने १७८८ साली आपल्या वहीत के. ५४५ (के. म्हणजे त्याच्या कृतींच्या यादीतला क्रमांक) या सोनाट्याची नोंद केली ती ‘नवशिक्यांसाठी’ अशीच. एकट्याने मंचावर बसून पियानो ऐकवण्याच्या कार्यक्रमाला ‘रिसायटल’ हा शब्द रुळला तो पियानोवादक फ्रान्झ लिस्टच्या जून १८४० मधल्या लंडनच्या मैफलींपासून. पियानोवादक चार्ल्स हॅलेने बेथोव्हेनचे सगळे सोनाटे लंडनमध्ये मालिकेने वाजवले, तेव्हा १८६१ साल उजाडलं होतं. परीक्षा घेणाऱ्या संस्थाही याच पिढीत जन्मल्या. लंडनचं ट्रिनिटी कॉलेज १८७२ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या परीक्षा १८७७ पासून. रॉयल अ‍ॅकॅडमी व रॉयल कॉलेज यांनी मिळून काढलेलं असोसिएटेड बोर्ड १८८९ मधलं. बेथोव्हेनचा सोनाटा म्हणजे पियानोवादकाची कसोटी, असं ज्या काळाने ठरवलं त्याच काळाने परीक्षेतल्या रचनांच्या याद्यांचा पाया घातला, म्हणून आजही यादीत सोनाट्याचं वजन एवढं मोठं आहे.

आता वाद्य. मोझार्टच्या व्हिएन्नातल्या पियानोला साधारण पाच सप्तकं होती, वरचा शेवटचा सूर बहुधा एफ. तारा बारीक, चौकट लाकडी, तारेवर आदळणाऱ्या हातोडीवर चामडं. बोटाने दाबायची पट्टी हलकी आणि उथळ. आजच्या ग्रँडवर, म्हणजे मैफलीच्या आडव्या पियानोवर, ती सुमारे १० मिलिमीटर खाली जाते आणि दाबायला ५० ग्रॅमच्या आसपास वजन लागतं. जुन्या वाद्याचा खर्जही पातळ आणि स्पष्ट होता. म्हणून मोझार्ट डाव्या हाताला जी अल्बर्टी बास देतो (मोडलेल्या कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांची, सी-जी-ई-जी अशी धावती साखळी) ती तिथे आपोआप मागे राहायची. आज लोखंडी चौकट आणि आडव्या-तिरप्या तारांमुळे तीच साखळी गुरगुरते. उपाय साधा आहे, पण रोजचा आहे. डाव्या हाताची फक्त करंगळी मोजून वाजवायची, बाकीची बोटं पट्टीला चिकटलेली आणि जवळजवळ मुकी, आणि उजवा हात त्यावर एक पायरी मोठा. आठवडाभर हे जमलं नाही तर मोझार्टचा के. ३३३ घेऊ नये; त्याचा पहिला भाग या समतोलावरच उभा आहे.

वाद्य वाढत गेलं तसतसा सोनाटाही बदलला आणि तो बदल कागदावर दिसतो. बेथोव्हेनच्या ओपस (कृतिक्रमांक) १० क्रमांक ३ या सोनाट्याच्या पहिल्या भागात सुरुवातीलाच उजव्या हाताचे ऑक्टेव्ह (एकच सूर दोन सप्तकांत एकदम) चढत जातात आणि शेवटच्या एफ शार्पवर वरचा सूर गळतो, कारण ती पट्टीच वाद्यावर नव्हती. आज ती आहे. घालायची की नाही हे ठरवून घ्या आणि कार्यक्रमाच्या टिपणात लिहिणार असाल तर एका ओळीत कारणही द्या. हायडनने १७९४-९५ मध्ये लंडनला थेरेसा यानसेन या कसलेल्या वादिकेसाठी लिहिलेल्या सी मेजर सोनाट्यात, होबोकेन १६:५० मध्ये (होबोकेन म्हणजे हायडनच्या कृतींची यादी), ‘ओपन पेडल’ अशी खूण आहे. इंग्रजी पियानोवर तो धूसर आवाज सुंदर वाटे. आधुनिक ग्रँडवर पेडल पूर्ण दाबून धरलं तर चिखल होतो, पूर्ण सोडलं तर हायडनची कल्पनाच जाते. पाय अर्धा वर घेऊन धरायचा, आणि हे त्याच सभागृहात करून पाहिल्याशिवाय ठरवायचं नाही.

‘वाल्डस्टाइन’ची गोष्ट याहून अवघड. १८०३-०४ चा हा सोनाटा, शेवटच्या अतिद्रुत प्रेस्टिसिमोत दोन्ही हातांना ऑक्टेव्ह ग्लिसांडो, म्हणजे बोटं पट्ट्यांवरून घसरवत नेणं. तेव्हाच्या उथळ पट्टीवर अंगठा आणि करंगळी घसरत जायची. आज कातडी सोलून निघते आणि तरी निम्मे सूर वाजत नाहीत. बरेच वादक हे सूर दोन हातांत वाटून घेतात किंवा मनगटाने तोडून वाजवतात. हा पर्याय पहिल्या आठवड्यातच ठरवावा लागतो, कारण बाकीच्या वेगाचं गणित त्यावर बसतं.

सगळ्यात जास्त घात होतो तो रिपीटमुळे, म्हणजे एखादा तुकडा पुन्हा वाजवण्याच्या खुणेमुळे. ट्रिनिटीच्या एटीसीएल या पहिल्या पायरीच्या डिप्लोमाला कार्यक्रम ३२ ते ३८ मिनिटांचा लागतो, त्यावरच्या एलटीसीएलला ३७ ते ४३, सगळ्यात वरच्या एफटीसीएलला ४२ ते ४८. असोसिएटेड बोर्डाच्या एआरएसएम डिप्लोमाला ३० मिनिटं. चालू अभ्यासक्रम उघडून आकडे आणि रिपीटचा नियम दोन्ही तपासा. मोझार्ट आणि हायडन अनेकदा पहिल्या भागाच्या दोन्ही अर्धांना रिपीट लिहितात. दुसरी रिपीट आज बहुतेक जण गाळतात. बेथोव्हेन पुढे स्वतःच ती सोडतो. ‘अपॅशियोनाता’च्या पहिल्या भागात एकही रिपीट नाही, उलट शेवटच्या भागाचा दुसरा अर्ध मात्र दोनदा वाजवा असं त्याने मुद्दाम लिहिलं. ‘पॅथेटिक’मध्ये रिपीट घ्यायची तर सुरुवातीच्या संथ ग्राव्हेपासून की नंतरच्या द्रुत अ‍ॅलेग्रोपासून, हा जुना वाद आहे, आणि त्या एका निर्णयाने दीड-दोन मिनिटांचा फरक पडतो. म्हणजे आधी रिपीट ठरवायच्या, मग घड्याळ लावायचं. आपल्या खऱ्या वेगाने, थांब्यांसकट, तीन वेगळ्या दिवशी मोजायचं आणि वरच्या मर्यादेपासून किमान दीड मिनिट मोकळं ठेवायचं. ओपस १० क्रमांक ३ चा लार्गो हा संथ भाग नऊ-दहा मिनिटं घेतो. घाबरलेल्या हाताने तो सातवर येतो आणि सगळा सोनाटा कोसळतो. तिथे सहा-आठ या तालातली प्रत्येक मात्रा मनात मोजायची सवय लागते.

प्रत कुठली वापरता यालाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांनी मोझार्टच्या छोट्या स्लर (सूर जोडून वाजवण्याच्या वक्र खुणा) जोडून लांब कमानी केल्या. दोन सुरांची स्लर म्हणजे पहिल्यावर वजन आणि दुसरा हलका. ती कमानीत गेली की वाक्याचा श्वासच जातो. मूळ प्रतींवरून छापायचा आग्रह धरणारी हेन्ले ही जर्मन प्रकाशनसंस्था १९४८ ची. पण अशी मूळ प्रतींवरची आवृत्ती, म्हणजे उर्टेक्स्टही, एकच नसते. के. ३३२ च्या अडाजिओ या संथ भागात मोझार्टच्या हस्तलिखितात परत येणारी धून साधी आहे, तर १७८४ च्या पहिल्या छापील प्रतीत ती नक्षीदार. तळटीप न वाचता वाजवणाऱ्याला आपण कुठली घेतली हेच ठाऊक नसतं. २०१४ मध्ये बुडापेस्टच्या राष्ट्रीय ग्रंथालयात के. ३३१ च्या हस्तलिखिताची काही पानं सापडली आणि छापील प्रतीतले काही सूर पुन्हा तपासावे लागले, म्हणून जुनी प्रत असेल तर नव्या आवृत्तीशी ताडून पाहावी.

मुंबई, पुणे, गोव्यात परीक्षेला बसणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. घरी अपराइट (उभा पियानो), परीक्षेत ग्रँड. पियानो बनवणाऱ्या एरारने १८२१ मध्ये पेटंट घेतलेल्या दुहेरी सुटकेच्या यंत्रणेमुळे ग्रँडची पट्टी अर्धी वर आली तरी सूर पुन्हा वाजतो. साध्या अपराइटवर ती जवळपास पूर्ण वर यावी लागते. हायडनच्या ई फ्लॅट सोनाट्याचा, होबोकेन १६:५२ चा, शेवटचा भाग एकाच जी सुराच्या लागोपाठ ठोक्यांनी सुरू होतो. अपराइटवर ते ठोके गळतात, वादक जोर लावतो, आणि ग्रँडवर तोच जोर हातोडीचा आवाज काढतो. बोटं बदलून, तीन-दोन-एक अशी, पट्टीच्या टोकापाशी सराव करावा आणि परीक्षेआधी निदान दोन-तीनदा ग्रँडवर बसायची सोय करावी. पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. परीक्षा त्या सुमारास असेल तर ट्यूनरला पट्ट्या नीट वर परत येतात का, हेही तपासायला सांगावं.

इतकं पाहिल्यावर एटीसीएलसाठी माझा कौल साधारणपणे हायडनच्या १६:५२ ला किंवा मोझार्टच्या के. ३१० ला जातो. दोन्ही वीस मिनिटांच्या आत-बाहेर बसतात आणि उरलेल्या वेळेत बाखची एखादी रचना व विसाव्या शतकातली एक रचना मावते. के. ३१० हा १७७८ चा, पॅरिसमधला. पहिल्या भागात डाव्या हाताचे कॉर्ड सतत ठोकले जातात; ते जड झाले तर सोनाटा हरला. एलटीसीएलला हात तयार असेल तर ओपस १० क्रमांक ३. ‘वाल्डस्टाइन’ एफटीसीएलला, तेही घराजवळ रोज बसता येईल असा ग्रँड असेल तेव्हाच.