ऐन की अर्जुन? आधी खोड बघा, मग फळ

नेचर ट्रेलला नव्याने येणाऱ्यांचा हमखास गोंधळ उडवणारी जोडी म्हणजे ऐन आणि अर्जुन. गोंधळ साहजिक आहे हो, दोघंही टर्मिनालिया, म्हणजे हिरडा-बेहड्याचे भाऊबंद, पानं साधारण सारखी लांबट, फळांना दोघांच्याही पाच पंख, आणि वर सादडा हे नाव कुठे याला तर कुठे त्याला, त्यामुळे गाईड सादडा म्हणाला की कुठला ते विचारून घ्या.

मी सांगेन पानांच्या नादी आधी लागूच नका. खोडाकडे बघा. ऐनाचं खोड काळपट, खोल भेगा पडलेलं, त्या उभ्या-आडव्या भेगांमुळे सालीचे चौकोनी तुकडे झालेले, अगदी मगरीची पाठच. ही जाड साल वणव्यात झाडाला वाचवते. काही ऐनांच्या खोडात पाणीसुद्धा साठलेलं असतं, पण म्हणून कुणी खोडाला कोयती लावून बघू नका प्लीज. अर्जुन एकदम उलटा, गुळगुळीत, फिकट राखाडी-पांढरट, मधेच हिरवट-गुलाबी झाक, आणि सालीचे मोठे पातळ पापुद्रे निघून खाली पडलेले. लांबून झाडीत पांढरं खोड चमकलं की बऱ्याचदा तोच असतो.

जागेवरूनही अंदाज येतो. अर्जुन पाण्याचा माणूस, नदीकाठ, ओढ्याचा काठ, मुळं जवळजवळ पाण्यात. ऐन डोंगरउतारावर, पानझडी जंगलात, सागाच्या सोबतीनेही. पण यावर पैज लावू नका, कारण अर्जुन रस्त्याकडेला आणि बागांमधे भरपूर लावलेला आहे. कोकणात आणखी एक भानगड, तिथे भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपं लावायची जमीन आधी पालापाचोळा जाळून भाजायला, ऐनाच्या फांद्या तोडतात, मग ते झाड उंच सरळसोट न दिसता ठेंगणं, गाठाळ, डोक्यावर पानांचा झुपका असं दिसतं आणि ओळखीचा ऐनसुद्धा परका वाटतो.

कोवळ्या झाडाला खोडही दगा देतं, ऐनाच्या भेगा वयानुसार खोल होत जातात. अशा वेळी आजूबाजूच्या मोठ्या झाडांखाली पडलेली फळं शोधा, माझ्या मते सगळ्यात खात्रीची खूण तीच. ऐनाच्या फळाचे पंख रुंद आणि पातळ, उजेडात धरलं तर त्यावरच्या बारीक रेघा आडव्या, सरळ कडेपर्यंत गेलेल्या दिसतात. अर्जुनाचं फळ टणक, लाकडी, पंख अरुंद आणि जाड, आणि रेघा वरच्या बाजूला वळलेल्या. दोन्ही फळं तळहातावर शेजारी ठेवली की फरक पटकन कळतो.

फळ नसेल तर मात्र पानांनीच भागवावं लागतं. दोघांच्याही पानाला बुडाशी छोट्या ग्रंथी असतात, पण ऐनाच्या ग्रंथी पान उलटं केल्यावर मधल्या शिरेजवळ छोट्या देठावर उभ्या दिसतात, तर अर्जुनाच्या देठ आणि पान जिथे जुळतात तिथेच चिकटलेल्या. ऐनाच्या कोवळ्या पानावर लवही असते, बोट फिरवलं की लगेच जाणवते. पान तोडायची गरज नाही, फांदी हलकेच खाली ओढून भिंगातून बघितलं तरी पुरतं.